कठड्यावरचा लाल गोल

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की माझी आई सांगते, “ती साहेब लोकांना कागद नेऊन देते.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मी एका विज्ञान संस्थेत धोरण आणि जनसंपर्क विभागाची प्रमुख आहे. हाताखाली दोन माणसं आहेत, दारावर पाटी आहे. आणि ही म्हणते कागद नेऊन देते. आता मात्र तिच्या वाक्यात मला काही खोडण्यासारखं दिसत नाही. मी साहेब लोकांना कागदच नेऊन देते.

आमची संस्था देणग्यांवर चालते. लोणावळ्यात बाजाराच्या मागे एक जुना बंगला आहे, त्याच्या खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि वर ऑफिस. शेजारी चिक्कीचा कारखाना. दुपारी तिथे गुळाचा पाक चढला, की माझ्या खोलीतल्या फायलींनासुद्धा तो वास लागतो. खालचे शास्त्रज्ञ मावळातल्या विहिरी, बोअर आणि झऱ्यांचं पाणी तपासतात आणि जाडजूड अहवाल वर पाठवतात. त्या अहवालाचं मी एक पान करते. एकच. साहेबांच्या टेबलावरचा चहा निवायच्या आत वाचून होईल एवढं. दुसरं पान जोडलं की कागद फायलीत जातो आणि फाईल कपाटात. हे मला कुणी शिकवलं नाही, कपाटं बघून बघून कळलं.

माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं पान रंगांचं होतं. अहवाल गावकऱ्यांना वाचता येत नाहीत. खरं सांगायचं तर सरपंचांनाही येत नाहीत, फक्त ते तसं म्हणत नाहीत. म्हणून मी सुचवलं, की तपासणी झाली की विहिरीच्या कठड्यावरच थाळीएवढा गोल रंगवावा. पाणी पिण्याजोगं असेल तर हिरवा, नसेल तर लाल. माणसाला अक्षर यायला नको, आकडा कळायला नको. “आधी रंग बघा, मग घागर भरा,” ही ओळ मीच लिहिली. त्या ओळीवर मी इतकी खूश होते, की घरी भाजी चिरतानाही ती तोंडात यायची.

दोन वर्षं मी त्या कागदामागे धावत होते. शेवटी तालुक्याच्या कार्यालयातले एक साहेब तयार झाले. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. माझ्या पानाच्या तळाला तीन ओळी होत्या. विहिरीवर लाल गोल आला तर त्या लोकांना दुसरं पाणी कुणी द्यायचं, वरच्या शेतांतलं खत खाली मुरू नये म्हणून कुणी काय करायचं, आणि पुन्हा तपासणी कधी. साहेबांनी त्या तीन ओळींवर पेनाचं टोपण ठेवलं.

“मॅडम, रंगाचं माझ्या हातात आहे. या तिन्हींसाठी तीन खात्यांच्या सह्या लागतील. तुम्हीच ठरवा, रंग आत्ता हवा, की सगळं मिळून कधीतरी?”

मी ठरवलं. गाडीत बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून तिन्ही ओळी उडवल्या. पुढच्या टप्प्यात घेऊ, असं स्वतःला सांगितलं. पान अगदी सुटसुटीत दिसायला लागलं.

प्रयोग म्हणून जी थोडी गावं निवडली, त्यांत टाकवे बुद्रुक होतं. ते माझं आजोळ.

टाकव्यात आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे आणि वस्तीची विहीर त्याच्याही खाली. ती माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी खणली. त्याआधी आमच्या बायका गावविहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, आणि ते वाकून, मान खाली घालून घ्यायचं. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या पुरुषांनी ठरवलं की पुरे. पहार आणि घण घेऊन त्यांनी दोन उन्हाळे काळा कातळ फोडला. माझी मावशी तेव्हा सात-आठ वर्षांची होती, तिनेही मातीच्या पाट्या वाहिल्या. माझी आई पाळण्यात होती, त्यामुळे विहिरीचा विषय निघाला की मावशी तिला अजूनही बोलू देत नाही. “तू गप. तू झोपली हुतीस,” म्हणते.

तेव्हापासून वस्तीत एक रीत आहे. लग्न करून आलेली सून घरात पाऊल टाकायच्या आधी विहिरीवर जाते. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई तिच्या ओंजळीत पाणी ओतते, आणि नवरी ते ताठ उभी राहून, मान वर करून पिते. वाकायचं नाही, एवढाच काय तो नियम. माझी आजी तसं पाणी ओतायची. आता मावशी ओतते, ती वस्तीतच दिलेली.

त्या विहिरीचा अहवाल माझ्या टेबलावर आला. नायट्रेट फार होतं. वरच्या शेतांत टाकलेलं खत पावसाबरोबर जमिनीत मुरतं आणि उतारावरच्या विहिरीत येतं. वस्ती सगळ्यांच्या खाली, तेव्हा सगळ्यांचं खत तिच्याच पाण्यात. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धडधाकट मोठ्या माणसाला ओंजळभर पाण्याने काही होत नाही. पण बाटलीच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर त्याचं रक्त अंगाला प्राणवायू पुरवेनासं होतं, ओठ निळे पडतात. आणि उकळून ते जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट होतं तेवढंच राहतं.

हे सगळं मला अहवाल आला त्याच दिवशी कळलं. रंग लावायचा कार्यक्रम आठ दिवसांनी होता. त्या आठ दिवसांत मी बॅनर छापून घेतला, पत्रकारांना फोन केले, साहेबांच्या भाषणाचे मुद्दे लिहिले, पुण्याला दोन चकरा मारल्या. टाकव्याला गेले नाही. माझ्या कामाचं नाव जनसंपर्क, आणि सख्ख्या मावशीला एक फोन करायला मला जमलं नाही. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मी त्या बाईला फाडून खाल्लं असतं.

कार्यक्रमाला गर्दी झाली. वरच्या आळीतले लोकही आले होते, एरवी ते विहिरीकडे फिरकत नाहीत. पेंटरने डबा उघडला आणि कठड्यावर लाल गोल ओढला. साहेबांनी ब्रश हातात धरून फोटो काढून घेतला. मी शेजारी उभी होते, त्या फोटोत मी हसते आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, “ह्यांच्या इहिरीचं पानी आमी कवाच पीत न्हवतो.” दोघं-तिघं हसले.

मावशी पुढेच उभी होती. पांढरं लुगडं नेसून, नीट केस विंचरून आली होती, कारण भाचीचा कार्यक्रम. ती हसणाऱ्यांकडे वळली नाही. माझ्याकडे बघत राहिली. कार्यक्रम संपल्यावर मी जवळ गेले.

“तुला ठावं हुतं?”

“हो मावशी.”

“कवापास्नं?”

“आठ दिवस झाले.”

“आठ दिस,” ती म्हणाली. “लोणावळ्यास्नं टाकव्याला यायला किती येळ लागतो गं?”

मी तिला पाण्यातलं काय ते समजावून सांगायला लागले. नायट्रेट, खत, बाळाचं रक्त. ती म्हणाली, “बरं बरं, लाल हाय तवर पीत न्हाई,” आणि घराकडे चालायला लागली. उकळण्याचं सांगायचं राहूनच गेलं. गाडी सुरू झाली होती, साहेब काच खाली करून मला बोलवत होते.

घरी आले तर आई गॅलरीत बसली होती. आम्ही दोघी कुसगावात राहतो. बातमी माझ्या आधी फोनवरून पोचलेली. आईने मला पाणी दिलं, मी ते पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.” त्या रात्री तिने माझ्यासाठी पोळ्या केल्या, पण स्वतः न जेवता झोपली.

मी तिच्यावर चिडले. पाणी खराब आहे तर आहे. आजोबांनी खणलं म्हणून नायट्रेट पळून जातं का? चिडताना मी बरोबरच होते. तरी ते दोघं-तिघं हसलेले माझ्या कानातून जात नव्हते. लाल रंगाचा अर्थ मी ‘पाणी तपासलं, पिऊ नका’ असा लिहिला होता. त्या कठड्यावर तो ज्यांनी वाचला, त्यांनी जुनंच काहीतरी वाचलं. हे मला सुचायला हवं होतं. इतर कुणाला नाही सुचलं तर समजू शकते. मला सुचायला हवं होतं.

त्यात मावशीच्या नातवाचं लग्न आलं. नवरी पुण्याकडची, माणसं नोकरदार. आणि नातवाची थोरली बहीण बाळंतपणाला येऊन राहिलेली, महिन्याभराचं बाळ तिच्याजवळ. घरात एकदम दोन आनंद. आणि आनंदाच्या घरात सगळे हळू आवाजात एकच बोलत होते, की नवरी विहिरीवर आणायची तर तो लाल गोल तिच्या माणसांना दिसणार. मावशीने मला काही म्हटलं नाही. फोनसुद्धा केला नाही. म्हणाली ती आईच.

“तुझ्या एका फोनवर रंग लागला ना? मग एका फोनवर निघेल. लग्नापुरता. नंतर लाव परत, कोण नको म्हणतंय.”

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात दार लावून साहेबांना फोन केला. मला वाटलं होतं ते कारण विचारतील, नियम दाखवतील, निदान अडखळतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

“एवढंच ना मॅडम?” ते म्हणाले. “तुम्ही म्हणताय म्हणजे झालं.”

ग्रामपंचायतीच्या शिपायाने सगळा कठडाच पांढराशुभ्र करून टाकला. वस्तीत कुणाला काही सांगायचं मला सुचलं नाही. आईने सांगितलंच असेल, सगळ्यांना माहीत आहे, हे लग्नापुरतं आहे, असं मी धरून चालले; आईने तेच माझ्याबद्दल धरलं. वऱ्हाडासाठी पाण्याचे जार मी लोणावळ्याहून पाठवले आणि माझ्या मनाची समजूत घातली की सगळी काळजी घेतली आहे.

लग्न छान झालं. नवरीला विहिरीवर आणलं तेव्हा मावशीने शेंदून ठेवलेल्या घागरीत तांब्या बुडवला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोरगी ताठ उभी राहून, मान वर करून ते प्यायली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी माझ्याकडे बघून हसली. कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच हसली. मी पण हसले. ओंजळभर पाण्याने मोठ्या माणसाला काही होत नाही, हे शास्त्रात बसत होतं. मी मनात ते दोनदा म्हणून घेतलं.

पुढच्या आठवड्यात लाल गोल परत लावून घ्यायचा होता. मी साहेबांकडे गेले. ते आनंदात होते. टेबलावर एक अर्ज होता, कुसगावच्या एका हॉटेलवाल्याचा. त्याच्या बोअरला लाल आला होता आणि सुट्ट्यांचे दिवस होते.

“सीझनपुरतं पुसू म्हणतो,” साहेब म्हणाले. “तुमच्या वस्तीच्या विहिरीचं आपण समजून घेतलंच ना, मॅडम.”

दोन वर्षं मी या माणसाशी प्रत्येक शब्दावरून भांडले होते. आता मी मिठाची गुळणी धरून बसले. काय बोलणार होते? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं तोंड वर करून म्हणता येत नाही. चहा प्यायले, उठले आणि विहिरीचा विषयच काढला नाही. त्यानंतर आणखी दोन ठिकाणचे गोल पुसल्याचं कानावर आलं. आमच्या संस्थेचे संचालक मूळचे रसायनशास्त्राचे, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांनी एकदा जिन्यात विचारलं, “अगं, हे रंग जातायत कसे? पावसाळा तर लांब आहे.” मी म्हणाले, चौकशी करते. असा दीड महिना गेला.

मग एका सकाळी मावशीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. बाळाला लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

माझ्या ऑफिसपासून तो दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मी धावतच गेले. बाळाला आत प्राणवायू लावला होता. त्याची आई बाकावर बसली होती, रिकामी दुपटी मांडीवर घेऊन. मावशी दाराशी उभी होती. मला बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जीव आला, जसा आपलं माणूस आल्यावर येतो.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. बाळाचे ओठ कधीपासून निळे दिसतात, दूध कुठलं, असं एकेक विचारत होत्या. आईचं दूध आलं नाही, डब्याचं देतो, असं मावशीने सांगितलं.

“दूध कालवायला पाणी कुठलं वापरता?”

“आदी जारचं आनत हुतो. आता इहिरीचं,” मावशी म्हणाली. “उकळून घ्येतो बाई, चांगलं आटस्तवर. तसंच न्हाई देत.”

“विहिरीचं पाणी तपासलंय का कधी?”

“व्हय की.” मावशीने माझा दंड धरून मला पुढे केलं. “ही माझ्या बहिनीची लेक. त्या विज्ञानवाल्यांच्यात लय मोट्या जागेवर हाय. पयलं लाल मारलं हुतं, तवर आमी थेंब न्हाई घ्येतला. मंग पानी सुदारलं तवा हिनंच फोन करून लाल पुसून घ्येतलं. शिपाई सोता म्हनला, मॅडमचा फोन आलता. हिरवं मागनं मारत्याल म्हनला.”

ती हे अभिमानाने सांगत होती. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, नायट्रेट आहे त्यात. केवढं आहे तेही सांगितलं, मला पाठ होतं. त्या झटकन आत गेल्या आणि नर्सला काहीतरी सांगितलं.

मावशीने माझा दंड अजून सोडला नव्हता.

“काय हाय म्हनलीस?”

मग मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये, येणारी-जाणारी माणसं अंगाला घासून जात असताना. पाणी सुधारलेलं नाही. लाल मी पुसायला लावला, लग्नासाठी. तुला वाईट वाटू नये म्हणून. नंतर लावायचा होता, लावला नाही. उकळून ते जात नाही.

मावशीने दंड सोडला. तिने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली,

“मी नवरीला पानी पाजलं, तवा तू तितंच हुतीस की गं.”

“हो.”

“हसलीस माझ्याकडं बघून.”

“हो मावशी.”

“मला लाल रंगाची लाज न्हवती वाटली,” ती म्हणाली. “तू न सांगता लावलास, त्याची वाटली. आदी येऊन म्हनली आसतीस, तर मीच नवरीच्या मान्सांना सांगितलं आसतं. बाबांनो, पानी नासलंय, आमी न्हाई नासवलं. वरनं उतरतंय. त्यात काय लाजायचं? पर तू पुसलंस बी न सांगताच.”

तिच्या नातीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या पोरीच्या नजरेबद्दल मला लिहिता येणार नाही. मी तिच्या बाळाला पाजलं होतं ते. माझ्या हाताने नाही, पण मीच.

बाळ वाचलं. चार-पाच दिवसांनी घरी गेलं. मुळात काय झालं ते पाण्यानेच झालं, असं शंभर टक्के सांगता येत नाही, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आणि माझ्या ओळखीच्या एक-दोघांनी मला हे वाक्य अगदी प्रेमाने पुन्हा पुन्हा ऐकवलं. मला ते नको होतं. मी अशी वाक्यं लिहूनच पोट भरते, त्यांची किंमत मला माहीत आहे.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आमची तपासणी चुकली असती, तर मला कमी वाईट वाटलं असतं,” म्हणाले. मी राजीनाम्याचं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उघडलं नाही, ठेवून घेतलं. अजून त्यांच्याकडेच आहे.

बाळ घरी गेल्यावर आठ दिवसांनी मावशीचा निरोप आला, आईच्या फोनवर. माझ्याशी ती बोलत नव्हती. निरोप एवढाच होता: लाल रंगाचा डबा घेऊन ये.

मी गेले. विहिरीवर अख्खी वस्ती जमलेली. नवी सूनही होती, आणि मागे बाळाला घेऊन नात. मी डबा खाली ठेवला आणि ब्रश काढायला लागले, तर मावशी म्हणाली, “थांब. रंग मागनं. आदी हितं उभी ऱ्हा आन् सांग. मला सांगितलंस तसं समद्यांना सांग.”

मी सभागृहांतून बोलले आहे, मंत्र्यांसमोर बोलले आहे. माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्या दिवशी मला पहिलं वाक्य सापडेना. सवयीने तोंडात आलं, ‘असं निदर्शनास आलं आहे की’. ते गिळलं. मग सांगितलं. पाण्यात काय आहे, कुठून येतं. तान्ह्या बाळाला आणि पोटुशी बाईला अजिबात द्यायचं नाही. उकळून जात नाही. लाल मी लावला तेव्हा तुम्हाला आधी सांगितलं नाही, आणि पुसला तेव्हाही सांगितलं नाही. चूक माझी. बाळ मध्येच रडलं, नातीने त्याला खांद्यावर घेतलं.

मग मी कठड्याशी उकिडवी बसले आणि गोल काढला. पेंटर काढायचा तेव्हा एका दमात निघायचा. माझा वाकडा झाला, एका बाजूने रंगाचा ओघळ आला. तो पुसायला मी फडकं उचललं, पण मावशी म्हणाली राहू दे.

माणसं पांगली. तिची नात जारचं पाणी घागरीत ओतून घेत होती. जार दिवसाआड येतो, तोही मी पाठवते म्हणून. नळ आहे वस्तीत, पण पाइपाच्या शेपटाला, वरची आळी भरून झाल्यावर जे उरेल ते. मावशी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवत होती. झाकण बसल्यावर तिने डबा माझ्या हातात दिला आणि दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला काही विचारलं.

“आता हिरवा कवा, त्ये सांग.”

मला त्या तीन ओळी आठवल्या, साहेबांनी ज्यांवर टोपण ठेवलं होतं.

“ते मी लिहिलं होतं मावशी,” मी म्हणाले. “मग खोडलं. कागदावर मावत नव्हतं.”

मग वाकून भरलेली घागर तिने कमरेवर घेतली.

“मंग दुसरा कागद घ्ये,” ती म्हणाली. “आन् तवर आमी काय प्यायचं, त्ये बी लिव.”